विदर्भातली घरची वाडी: एप्रिलच्या पाण्यावरून आखा, मग मिरगात पेरा

मिरगाचा पहिला पाऊस पडला की घरामागच्या तुकड्यात लौकी (दुधी), दोडके, भेंडी, बरबटी (चवळी) असं सगळं एकाच दिवशी टोचलं जातं. श्रावणात भाजी इतकी येते की शेजारीही नको म्हणतात, आणि होळी झाली की त्याच वाडीत बकऱ्या फिरतात. बियाण्यात काही खोट नसते. वाडीचा आकार पावसाळ्याच्या पाण्यावर ठरवलेला असतो, आणि पाऊस इथे चार महिनेच असतो. म्हणून आधी पाणी पाहू, बियाणं नंतर.

पाण्याचा हिशोब

भाजीच्या एक चौरस मीटर वाफ्याला हिवाळ्यात रोज साधारण ३ ते ४ लिटर पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये, पारा ४४-४५ अंशांवर असताना, तेच ७-८ लिटरवर जातं. एक गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट, सुमारे १०० चौरस मीटर. त्यातल्या पाऊलवाटा आणि कोपरे सोडले तर प्रत्यक्ष वाफे ६० चौरस मीटरचे होतात. म्हणजे मे महिन्यात रोज साडेचारशे लिटर. नळ दिवसाआड, विहिरीत गुडघाभर पाणी आणि मोटारीला लाइन (वीज) रात्री. अशा घरात हे जमत नाही, आणि जमवायचा हट्टही करू नये.

मग असं करा. एप्रिलमध्ये घरचं सगळं भागवून वाडीला रोज किती पाणी उरेल ते आधी धरा. दोनशे लिटरचा एक ड्रम उरत असेल तर उन्हाळ्यात २५ चौरस मीटर, म्हणजे चार-पाच वाफेच हिरवे राहतील. ते वाफे ड्रमाच्या जवळ घ्या. बाकीचा तुकडा पावसाळ्यात पूर्ण, हिवाळ्यात जमेल तेवढा लावा आणि उन्हाळ्यात उघडा तापू द्या. जमिनीला ती विश्रांती मिळते, आणि तापलेल्या मातीत रोगाचे जंतू आणि किडींचे कोषही बरेच मरतात.

ड्रम तीन फूट उंच ओट्यावर ठेवून त्याला बारीक ठिबकच्या नळ्या जोडल्या की वीज लागत नाही. गाळणी मात्र हवीच, विहिरीच्या गढूळ पाण्याने नळ्यांची भोकं महिनाभरात बुजतात. वाफ्यावर सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार (भुसा) दोन-तीन इंच पसरलं तर पाण्याच्या पाळ्या बऱ्याच कमी होतात. काळ्या जमिनीत आच्छादनाचा आणखी एक मोठा फायदा आहे: भेगा पडत नाहीत. भेग पडली की नुसती ओल उडत नाही, झाडाची बारीक मुळंही तुटतात. फक्त घराच्या भिंतीला लागून कुटाराचा ढीग करू नका, त्यात विंचू-साप बसतात. आणि रात्रीच्या लाइनवर पाणी द्यायला जाताना टॉर्चशिवाय वाडीत पाय टाकू नका.

मोरीचं पाणी केळीला आणि धोप्याला (अळूला) द्या, त्यांना ते चालतं. पालक-मेथीवर साबणाचं पाणी टाकू नका.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या काही तालुक्यांत, हा हिशोब बदलतो. तिथे पाणी असूनही ते खारं असतं. अशा बोअरच्या पाण्यावर घेवडा, गाजर, कांदा यांच्या नादी लागू नये. बीट आणि पालक थोडं सहन करतात. तिथली वाडी पावसाच्या आणि शेततळ्याच्या पाण्यावरच आखावी, उन्हाळ्यात मोकळी ठेवावी.

जागा आणि कुंपण

दिवसाचं सहा तास ऊन येईल अशी जागा हवी. उंच झाडं उत्तरेला आणि पश्चिमेला ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा उत्तरेच्या झाडांची सावली वाफ्यांवर येत नाही, आणि पश्चिमेचा मुनगा (शेवगा) उन्हाळ्यात दुपारनंतरचं जाळणारं ऊन अडवतो.

कुंपणाआधी बी टाकणं म्हणजे गावातल्या बकऱ्यांना जेवायला बोलावणं. बोराटीच्या काट्यांचं कुंपण अजूनही सगळ्यात स्वस्त आणि पक्कं. वाडी गावाबाहेर वावराच्या कडेला असेल तर रोही (नीलगाय) आणि डुकरांचा त्रास धरूनच चाला. जुन्या साड्या बांधण्याची रीत सगळीकडे दिसते. तिने रोही काही दिवस बिचकतो, मग सरावतो. डुकरासाठी जमिनीलगतची दीड-दोन फुटाची जाळी खाली पुरूनच घ्यावी लागते. तारेत करंट सोडण्याचा विचार कोणी सुचवला तरी करू नका. तो गुन्हा आहे, आणि त्यात जनावराआधी माणूस जातो.

माती आणि वाफे

पश्चिम विदर्भात काळी भारी जमीन, पूर्वेकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत कन्हार, मोरंड, बरडी असे प्रकार. पाऊसही सारखा नाही: अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८५० मिलिमीटर, तर गडचिरोली-गोंदियात १२०० च्या वर. पण दोन्हीकडे पावसाळ्यातली अडचण एकच, पाणी साचणं. मिरची, टमाटर, पपई यांची मुळं दोन दिवस पाण्यात राहिली तरी झाड खाली बसतं. त्याला वरून काही फवारून उपयोग नसतो.

म्हणून पावसाळ्यासाठी गादीवाफे करा: चार फूट रुंद, सहा ते आठ इंच उंच, लांबी जागेप्रमाणे. चार फूट यासाठी, की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. मधली वाट दीड फुटाची, आणि तिचा उतार एका कोपऱ्याकडे. त्या कोपऱ्यात खड्डा करा, पावसाचं पाणी तिथेच जिरेल. त्याच्या कडेने धोपा लावा. उन्हाळ्याचे वाफे उलटे, जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे खोलगट, म्हणजे दिलेलं पाणी वाफ्यातच थांबतं.

बचतगटांच्या बैठकांत आणि प्रशिक्षणांत गोल, पाकळ्यापाकळ्यांची परसबाग दाखवतात, मध्ये खताचा खड्डा. लहान अंगणात ती छान बसते. पण काळ्या जमिनीच्या गुंठ्यात मी सरळ वाफेच सांगेन. गोलाकारात निचऱ्याचा उतार नीट निघत नाही आणि ठिबकची नळी वळवताना जीव जातो.

काळी माती ओली असताना खोदू नका. ढेकळं वाळून दगडासारखी होतात आणि हंगामभर फुटत नाहीत. उन्हाळ्यात एकदा फावड्याने नऊ इंच पालटून तापू द्या, वळवाच्या सरीनंतर ढेकळं आपोआप भुगा होतात. गुंठ्याला २०० किलो चांगलं कुजलेलं शेणखत पुरतं. अर्धी बंडी समजा. कच्चं खत अजिबात नको. त्यातून उधई (वाळवी), हुमणी आणि तणाचं बी असं तिन्ही येतं. खत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते अजून तयार नाही. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीची भुकटी मिळाली तर ती ओलसर शेणखतात मिसळून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि रोप लावताना खड्ड्यात मूठभर टाका. मर रोगावर एवढा स्वस्त बंदोबस्त दुसरा नाही.

मिरगाचा हंगाम

मिरची आणि वांग्याचं रोप मेच्या शेवटी, रोहिणी लागताच टाका. घरापुरतं रोप दोन हात जागेत होतं. त्या तुकड्यात बारीक माती आणि चाळलेलं खत निम्मं-निम्मं, बोटभर अंतरावर रेघा, बी अर्धा सेंटिमीटर खोल, वर गवताचं पातळ आच्छादन. कोंब दिसले की आच्छादन त्याच संध्याकाळी काढा, नाहीतर रोपं पांढरी आणि लांबुडकी होतात. वर जुन्या मच्छरदाणीचा मांडव घाला. हे एवढं करायला कोणी तयार नसतं, आणि मग मिरचीचा चुरडा-मुरडा (पानं आखडण्याचा रोग) झाला म्हणून बियाणं विकणाऱ्याला शिव्या बसतात. तो रोग पसरवणारी पांढरी माशी रोपावर पहिल्या महिन्यातच बसते. तेवढे दिवस रोप झाकलेलं राहिलं तर अर्धी लढाई तिथेच संपते.

पाच-सहा आठवड्यांनी, जुलैच्या सुरुवातीला, ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लावणी करा. वांगी अडीच × दोन फुटांवर, मिरची दोन × दीड फुटांवर. पाच जणांच्या घराला वांग्याची आठ-दहा आणि मिरचीची वीस झाडं पुष्कळ झाली. भिवापुरी मिरचीचं बी मिळालं तर एक ओळ तिची लावा, लाल मिरचीसाठी. हिरव्या मिरचीला पुसा ज्वालासारखं वाण बरं.

भेंडी, गवार, बरबटी, अंबाडी हे थेट बी टोचायचं. पहिला पाऊस पडला म्हणून लगेच नाही. वीतभर ओल गेल्याशिवाय टोचलेलं बी पावसाचा खंड पडला की उगवून मरतं. भेंडीत परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका घ्या, पानं पिवळी पडण्याचा रोग त्यांच्यावर कमी येतो. अंतर दीड × एक फूट. भेंडी कापसाच्याच कुळातली, त्यामुळे शेजारी पऱ्हाटी (कपाशी) उभी असेल तर तुडतुडे, पांढरी माशी, ठिपक्यांची बोंडअळी सगळी तिकडून इकडे येते. अशा ठिकाणी भेंडीची मुख्य लावण उन्हाळ्याच्या हंगामात करावी, तेव्हा पऱ्हाटी निघालेली असते.

वेलांना मांडव हवा. लौकी आणि कोहळं कुंपणाच्या कडेने सोडा, कोहळ्याला जमीनच आवडते. दोडके आणि कारले मांडवावरच, नाहीतर फळ ओल्या मातीला टेकून सडतं. कारल्याचं बी टोचण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवा, त्याचं कवच जाड असतं. मांडव बांबूचा आणि तुराट्यांचा करा, पऱ्हाट्यांचा नको. वाळलेल्या पऱ्हाट्यांत आणि त्यावरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात गावभर पसरते.

आता मुख्य नियम: एका प्रकारचं सगळं बी एका दिवशी संपवू नका. भेंडी-गवारीच्या तीन ओळी लावायच्या असतील तर एक मिरगात, दुसरी तीन आठवड्यांनी, तिसरी पोळ्याच्या आधी. घरात रोज दोन वेळेला पुरेल एवढीच भाजी त्यामुळे तोडायला येते.

निंदण पहिल्या ४० दिवसांत दोनदा नीट केलं तर पुढे झाडच तणाला दाबतं.

हस्तापासून होळीपर्यंत

विदर्भातल्या वाडीचा खरा हंगाम हा आहे. पाऊस ओसरलेला, जमिनीत ओल, दिवसाला कोवळं ऊन, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांच्या आसपास. टमाटर, फुलगोभी, पत्तागोभी यांची रोपं सप्टेंबरात टाका, दसऱ्याच्या मागेपुढे लावणी. फुलगोभीचं बी घेताना ते लवकर येणारं की उशिरा येणारं हे विचारा. हंगाम चुकला की गड्डा बटणाएवढाच राहतो. टमाटर दोन × दीड फुटांवर लावा आणि बांबूला बांधा. एप्रिलमध्ये लावलेलं टमाटर आपल्याकडे फुलून फुलून गळतं, ३५ अंशांच्या वर आणि गरम रात्रींत फळ धरत नाही. त्यामुळे टमाटरचं वर्ष फेब्रुवारी-मार्चला संपलं असं समजा.

मेथी, पालक, सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी हातभर रुंदीच्या पट्ट्यात टाकत जा. सांबाराचं बी तळहाताने रगडून दोन फाकी करा, मगच पेरा. उगवायला दहा-बारा दिवस लागतात, तोवर वरचा थर सुकू देऊ नका. संक्रांतीच्या सुमारास वाफाभर सांबार असला की घरात सांबारवडीची फर्माइश येणारच. पालक बुडापासून दोन इंच ठेवून कापला तर तीन-चारदा येतो. वाटाणा ऑक्टोबरच्या मध्यानंतर, लसूण त्याच्याच बरोबर. कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकून डिसेंबर-जानेवारीत लावा. पाती पडू लागल्या की पाणी तोडा, नाहीतर साठवणीत सडतो.

या दिवसांत पाणी आठवड्यातून दोनदा पुरतं. सकाळी द्या.

उन्हाळ्याचे चार वाफे

जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत भेंडी, गवार, काकडी, ढेमसे यांचं बी त्या ठरलेल्या चार-पाच वाफ्यांत पडलं पाहिजे. मार्चमध्ये टोचलं तर फळावर येईपर्यंत मे उजाडतो आणि फूल गळतं. एप्रिलपासून वर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा. तिच्याखाली पालक आणि सांबारही मेच्या सुरुवातीपर्यंत निघतो. जाळी घेणं परवडत नसेल तर तुराट्यांचा विरळ मांडवही चालतो.

फळझाडं: कमी, पण योग्य

एका गुंठ्यात आंब्याला जागा नाही, तो धुऱ्यावर (बांधावर) लावा. संत्र्याच्या बाबतीत लोक ऐकत नाहीत. संत्र्याला सहा मीटरवर सहा मीटर अंतर लागतं, म्हणजे अख्ख्या गुंठ्यात पुरती तीन झाडंही बसत नाहीत, शिवाय बहर धरणं, ताण देणं, डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा) रोग हे वेगळंच. घरच्या वाडीला कागदी लिंबाचं एक झाड, दोन मुनगे, एक जाम (पेरू), तीन-चार पपया आणि मोरीपाशी केळीचा एक जुंबाडा, एवढं बास. सीताफळ कुंपणाच्या रेषेत घाला, त्याचा पाला बकऱ्या खात नाहीत.

खड्डे मेमध्येच खोदून तापवा, दोन-दोन फूट लांब, रुंद, खोल. दोन घमेली खत आणि वरची माती मिसळून भरा, एक-दोन चांगले पाऊस झाले की झाड लावा. लिंबाचं रोप बियापासून केलेलंही चालतं, बहुतेक मूळ झाडासारखंच निघतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे ‘पीडीकेव्ही बहार’ आणि ‘पीडीकेव्ही चक्रधर’ हे वाण त्यांच्या किंवा चांगल्या शासकीय रोपवाटिकेत मिळाले तर तेच घ्या. लिंबाला आळं दुहेरी करा: खोडाभोवती मातीची छोटी भर आणि तिच्या बाहेर पाण्याचं आळं, म्हणजे पाणी खोडाला लागत नाही. डिंक्या खोडाला पाणी लागूनच येतो. पावसाळ्याच्या आधी खोडाला दोन-अडीच फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, याच प्रमाणात हवं तेवढं, आणि भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली की हाताने वेचा, लहान झाडाला ती आठवड्यात बोडकं करते.

मुनग्याचं पीकेएम-१ वाण सहा-आठ महिन्यांत शेंगा देतं. झाड छातीएवढं झालं की शेंडा खुडा आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर तीन फुटांवर छाटा. न छाटलेला मुनगा वीस फूट वर जातो आणि वादळात कडकन मोडतो, शेंगाही हाती लागत नाहीत. पपईच्या देशी बियातून नर-मादी झाडं वेगळी निघतात, म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपं लावा आणि फूल आल्यावर नर काढा, सगळ्या वाडीत एखादा ठेवा. पपईच्या बुंध्याशी मातीची भर हवीच.

झाडांच्या अर्धसावलीत हळद चांगली येते. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीचं बेणं मिळालं तर जूनमध्ये वाफाभर लावा, पुढच्या फेब्रुवारी-मार्चला वर्षभराची हळद घरची.

कीड आणि फवारणी

कपाशीवर मारून उरलेलं औषध वाडीत आणू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ती शेतात उघड्यावर फवारताना. वाडीतली भाजी तर आज फवारली आणि उद्या तोडली अशीच घरात येते. तणनाशकाला वापरलेला पंपही भाजीला लावू नका. कितीही धुतला तरी अंश राहतो आणि टमाटर, वांगी, वेल आखडतात. वाडीसाठी हातपंप वेगळा ठेवा, महाग नसतो.

निंबोळ्या जून-जुलैमध्ये वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. अर्धा किलो निंबोळ्यांची भरड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून पिळून पाणी पांढरं होईपर्यंत अर्क काढा, एकूण १० लिटर करा, चमचाभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच संध्याकाळी फवारा. उन्हात फवारला तर त्याचा जोर उतरतो. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यावर आठ-दहा दिवसांनी दोन-तीन फवारण्या लागतात, एकाच फवारणीत चमत्कार होत नाही.

वांग्याचा शेंडा सुकलेला दिसला की आत अळी आहे. शेंडा खाली दोन बोटं सोडून तोडा आणि जाळा. वेलवर्गातली वाकडी, रस गळणारी फळं फळमाशीची. ती वेचून दीड फूट खोल पुरा, उकिरड्यावर टाकली तर माशी तिथेच वाढते. पानं पिवळ्या जाळीची झालेली भेंडी आणि आखडलेली मिरची दिसताक्षणी उपटा. एका झाडाची माया धरली तर ओळ जाते. टमाटराच्या कडेने झेंडूची एक ओळ लावली की फळ पोखरणारी अळी आधी तिकडे अंडी घालते, आणि दिवाळीला तोरणंही घरचीच होतात.

बियाणं

संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत. देशी लौकी, दोडके, वांगी, बरबटी, अंबाडी यांचं बी घरचंच ठेवा. निरोगी झाड आधीच निवडून त्याला चिंधी बांधा, म्हणजे घरातलं कोणी चुकून तोडणार नाही. त्याचं दुसरं-तिसरं फळ पूर्ण पिकू द्या. लौकी आणि दोडका वेलावर वाळून खडखडला की बी तयार. बी धुऊन सावलीत कोरडं करा, राखेत घोळा, झाकणाच्या बाटलीत ठेवा, वर नाव आणि महिना लिहा. वांग्या-मिरचीचं बी नीट कोरडं ठेवलं तर दोन-तीन वर्षं उगवतं. कांद्याचं मात्र वर्षभरात उतरतं, ते दरवर्षी ताजंच घ्या.